चोवीस मेंदूंचा एक घाणा

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. मी इतिहासकार नव्हे. मोडी मला वाचता येत नाही, आणि दफ्तरखान्यातील धुळीशी माझा परिचय नाही. माझी सारी नोकरी गणकयंत्रापुढे बसून गेली. परंतु मनात आले, की राजांचा इतिहास लिहिला जातो, सेनापतींचा लिहिला जातो. ज्या कारकुनाने त्यांच्या हुकुमांच्या नकला केल्या त्याचा मात्र कोणी लिहीत नाही. विज्ञानातही तोच न्याय. मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रांच्या जनकांना नोबेल पारितोषिके मिळाली, आणि ती योग्यच होती. पण त्या चित्रांच्या चळती एकामागून एक यंत्रात घालून त्यांवर तेच ते संस्कार करवून घेणारे जे आज्ञापत्र, आमच्या धंद्यातल्या भाषेत ज्याला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, त्याचा इतिहास मी कोठे वाचलेला नाही. त्यातला बराचसा माझ्या डोळ्यांदेखत घडला. त्यात माझ्या हातून एक चूकही घडली. ती सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही.

विषय रुक्ष वाटेल. पण दिवाळीच्या दिवसांत तो समजावून सांगणे सोपे आहे. चकल्या कोणी एकेक तळत नाही. कढईत मावतील तेवढ्या एकदम सोडतात, आणि त्याला घाणा म्हणतात. इंग्रजीतली ‘बॅच’ ती हीच. एका घाण्याचे पीठ एक, तेल एक, आच एक. म्हणून चकल्या सारख्या उतरतात. आणि मोहन जास्त झाले तर सगळ्याच तेलात विरघळतात. हे दुसरे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याची गरज लागेल.

मेंदूच्या शास्त्राचा आरंभ मात्र घाण्याने झाला नाही, एका माणसाने झाला. १८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण वारला. काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून वर्षानुवर्षे ‘तां’ एवढाच उच्चार निघे. पोल ब्रोका ह्या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला, डाव्या अंगाला पुढच्या भागातील बिघाड दाखवला, आणि वाणीचे स्थान तेथे असावे असे सांगितले. एक मनुष्य, एक मेंदू, एक अनुमान. ब्रोका सावध होता. वाणीचा ताबा डाव्या अंगाकडे असतो हे विधान त्याने आणखी रुग्ण पाहिल्यानंतर, १८६५ मध्ये केले.

एका माणसावरून सर्वांविषयी बोलण्याची ही रीत पुढे शंभर वर्षांहून अधिक टिकली. १९८८ मध्ये तालेराक आणि टूर्नू ह्या फ्रेंच वैद्यांनी मेंदूचा जो नकाशा प्रसिद्ध केला, तो साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून काढलेला होता. तिच्या मरणोत्तर मेंदूवर मोजपट्टी लावून प्रत्येक ठिकाणाला तीन आकड्यांचा पत्ता दिला गेला, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आपापल्या विशीतल्या विद्यार्थ्यांचे मेंदू ताणून, दाबून त्या वृद्धेच्या मेंदूवर बसवू लागल्या. तिचे नाव आम्हांला कधी कळले नाही. तिच्या मेंदूचे पत्ते मात्र तोंडपाठ होते.

ही ताणाताण करावी का लागते? कारण दोन मेंदू सारखे नसतात. घड्या वेगळ्या, लांबीरुंदी वेगळी. मग चोवीस जणांचे मिळून एक विधान करायचे ते कसे? हा प्रश्न मेंदूच्या चित्रांहून जुना आहे. १८७८ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने एक युक्ती काढली. एकाच काचेवर अनेक माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे एकावर एक उमटवायची. प्रत्येकाचे वेगळेपण पुसट होईल आणि समान असेल ते ठळक होईल. गुन्हेगारांचे चेहरे त्याने असे एकत्र केले. दुष्टपणाचा नमुना हाती येईल अशी त्याची कल्पना असावी. हाती आला तो एक बरासा दिसणारा चेहरा. प्रत्येकातली विद्रूपता वेगवेगळ्या जागी होती, ती सरासरीत विरून गेली. सरासरीचा हा गुण आणि हाच दोष. जे सर्वांत आहे ते ती दाखवते. जे एकेकात आहे ते ती झाकते.

तिचा गुण मेंदूच्या कामी लावला तो लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील जॉर्ज डॉसनने. मनगटापाशी विजेचा हलका झटका दिला तर मेंदूत त्याचा पडसाद उमटतो, पण कवटीवरून मोजताना तो इतर विद्युत्कल्लोळात बुडून जातो. डॉसनने १९५१ मध्ये फिरत्या कळीचे एक यंत्र केले. झटका पुनःपुन्हा द्यायचा आणि प्रत्येक वेळची नोंद धारित्रांत साठवून तिची बेरीज करीत जायचे. कल्लोळ कधी वर, कधी खाली. तो आपापसांत फिटतो. पडसाद दर वेळी त्याच क्षणी येतो. तो वाढत जातो. बाजारातल्या गलक्यात एकच आरोळी त्याच ठेक्यावर पुन्हा पुन्हा यावी आणि कान तिला ओळखू लागावा, तसे ते आहे.

ह्या कथेशी आपल्याकडचे दोन धागे जुळतात. १९२० मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेल ह्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्यापुढे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा ढीग ठेवला. त्या ढिगातून महालनोबिसांची संख्याशास्त्राची वाट निघाली, आणि दोन समूहांतील अंतर अनेक मापांनी एकदम मोजण्याची जी रीत त्यांच्या नावाने जगभर चालते तिच्यापर्यंत ती पोहोचली. दुसरा धागा आपल्या इरावती कर्वे ह्यांचा. ‘युगान्त’कार म्हणून त्या मराठी वाचकांना ठाऊक आहेत, पण त्यांची बर्लिनची पदवी मानवी कवटीच्या डाव्याउजव्या असमानतेवरच्या प्रबंधाला मिळाली होती. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली, एकेक कवटी हातात घेऊन त्यांनी मापे घेतली. युरोपीयांच्या कवट्या इतरांहून वेगळ्या निघतील अशी गुरूची अटकळ होती. मापांतून तसे निघाले नाही, आणि इरावतीबाईंनी निघाले तेच लिहिले. कवटीमागून कवटी तीच मापे त्याच क्रमाने घेणे, हा हाताने काढलेला घाणाच होता. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. पण प्रत्येक कवटी त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. हेही ध्यानात ठेवावे.

आता यंत्राकडे वळू. गणकयंत्रे महाग होती तेव्हा ती क्षणभरही रिकामी बसणे परवडत नसे. १९५६ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ह्यांच्या लोकांनी आयबीएम ७०४ ह्या यंत्रासाठी एक व्यवस्था लिहिली. एकाचे काम संपताच माणसाची वाट न पाहता यंत्राने दुसऱ्याचे हाती घ्यावे. घाण्याची पद्धत ती येथून रुळली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, आणि अनेक ठिकाणचे संशोधक आपली कामे तेथे पाठवू लागले. मी स्वतः १९७३ साली, मुंबईतल्याच एका कचेरीत, पंचकार्डांचा गठ्ठा काखोटीला मारून प्रथम खिडकीपाशी उभा राहिलो. गठ्ठा आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायला यायचे. एखादा स्वल्पविराम चुकला तर एक दिवस फुकट. आमच्या वरिष्ठांनी मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली. गठ्ठ्याच्या कडेवर शाईने एक तिरपी रेघ ओढून ठेवायची. हातून गठ्ठा पडला, पत्ते विखुरले, तरी रेघ जुळवली की क्रम जुळतो. “पत्ते गेले तरी चालतील, क्रम जाता कामा नये,” असे ते म्हणत. अठ्ठावीस वर्षांनी मी तेच विसरलो.

मधल्या काळात मेंदू न उघडता आत पाहण्याची सोय झाली होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे छेदचित्र घेतले. १९७३ मध्ये लॉटरबर ह्याने चुंबकीय पद्धतीने चित्र काढण्याची रीत मांडली. १९८८ मध्ये सेंट लुईस येथील फॉक्स, मिन्टन आणि रेकल ह्यांनी निरनिराळ्या माणसांची पेट-चित्रे एका मापावर आणून त्यांची सरासरी घेतली, आणि एकट्याच्या चित्रात न दिसणारे ठिपके दिसू लागले. डॉसनने एकाच माणसाच्या अनेक नोंदींची बेरीज केली होती. आता अनेक माणसांची झाली. १९९० मध्ये सेइजी ओगावा ह्यांनी दाखवले की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलले की चुंबकीय चित्रही बदलते. दोन वर्षांत, काहीही न टोचता, काम करणाऱ्या मानवी मेंदूची चित्रे मिळू लागली.

चित्रे मिळू लागली ती ढिगांनी. एक मनुष्य यंत्रात निजला की दर दोन-तीन सेकंदांनी त्याच्या संपूर्ण मेंदूचे एक चित्र, अशी काही शे चित्रे. मग प्रत्येकावर संस्कार. डोके हलले असेल तर सगळी चित्रे जुळवून घ्यायची, मेंदूचे काप निरनिराळ्या क्षणी घेतलेले, त्यांची वेळ सारखी करायची, बारीक तपशिलाच्या चित्राशी सांगड घालायची, नमुना-मेंदूवर बसवायचे, थोडे पुसट करायचे, आणि शेवटी प्रत्येक बिंदूवर गणित मांडायचे. लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन ह्यांनी १९९१ मध्ये एसपीएम ही आज्ञावली लोकांना दिली. रॉबर्ट कॉक्स ह्यांची आफ्नी १९९४ च्या सुमारास आली. ऑक्सफर्डची एफएसएल २०००मध्ये.

प्रारंभी आम्ही हे सारे खिडक्या उघडून, कळी दाबून करीत असू. एका माणसाच्या मागे अर्धा दिवस जाई. चौदाव्या माणसापाशी हात थके आणि एखादी पायरी राहून जाई. त्यावर स्क्रिप्ट हा उपाय. ‘पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत, प्रत्येकासाठी, पुढील गोष्टी करा’ असे तीन-चार ओळींचे आवर्तन, आणि आत सगळ्या पायऱ्या. जेथे माणसाचा क्रमांक यायचा तेथे एक रिकामी जागा. यंत्र दर फेरीला ती भरते. संध्याकाळी आज्ञा द्यावी, घरी जाऊन जेवावे, निजावे. सकाळी चोवीस मेंदू ताटात वाढून ठेवलेले. तो आनंद मी वर्णन करू शकत नाही. नळ प्रथमच घरात आलेल्या बाईला तो कळेल.

आता माझी चूक. २००१ साली मी इंग्लंडातील एका प्रयोगशाळेत होतो. वयोमानाने मेंदूतील करड्या द्रव्यात कोठे घट होते हे आम्ही पाहत होतो. माणसे चोवीस, वीस वर्षांपासून पंचाहत्तरीपर्यंतची. काम एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे, स्क्रिप्ट माझी. फायलींना नावे दिली होती सब१, सब२, असे करीत सब२४. वयांची यादी तिने वहीतून उतरून दिली, पहिल्यापासून चोविसाव्यापर्यंत. स्क्रिप्टने फायली गोळा केल्या आणि यादीतली वये ओळीने त्यांना लावली. एका रात्रीत उत्तर आले. कपाळामागच्या भागात जी घट सर्वांना ठाऊक होती ती दिसेना. पण एका अनपेक्षित जागी एक ठिपका लखलखीत उजळला होता. आम्ही हरखलो. अनपेक्षित म्हणजे नवे, अशी त्या वयातही माझी समजूत होती. त्या ठिपक्याचे स्पष्टीकरण आम्ही आठवड्याभरात शोधले, आणि ते पटण्याजोगेही होते. शहाण्या माणसांना स्पष्टीकरणाचा तुटवडा कधीच नसतो. एका परिषदेला गोषवारा गेला; तो स्वीकारलाही गेला.

तीन महिन्यांनी आमच्याकडे चित्रे घेणाऱ्या बाई सहज माझ्या टेबलापाशी आल्या. पडद्यावर तक्ता उघडा होता. नववे गृहस्थ म्हणजे ते पांढऱ्या केसांचे आजोबा ना, असे त्यांनी विचारले. त्यांना यंत्रावर चढायला हात द्यावा लागला होता, आणि त्यांच्या मेंदूतल्या पोकळ्या वयानुसार रुंदावलेल्या त्यांना आठवत होत्या. मग तुमच्या तक्त्यात ते बावीस वर्षांचे कसे?

कारण अगदी क्षुल्लक होते. यंत्र फायली लावते ती अक्षरांच्या क्रमाने. त्याच्या लेखी ‘१’ नंतर ‘२’ येत नाही. ‘१’ नंतर ‘१०’, मग ‘११’, असे ‘१९’ पर्यंत, आणि मग ‘२’. दहाव्याला दुसऱ्याचे वय, अकराव्याला तिसऱ्याचे, आणि सर्वांत शेवटी उभ्या राहिलेल्या नवव्याला चोविसाव्याचे. चोविसांपैकी एकट्या पहिल्या माणसाला स्वतःचे वय मिळाले होते. यंत्राने एकही तक्रार केली नाही. चोवीस फायली, चोवीस वये, हिशेब चोख. तिरपी रेघ ओढायची मी विसरलो होतो.

क्रम सुधारून घाणा पुन्हा काढला. तो लखलखीत ठिपका नाहीसा झाला, आणि कपाळामागची घट, सर्वांना आधीच ठाऊक असलेली, नम्रपणे पुढे आली. गोषवारा परत घ्यावा लागला. त्या मुलीचे एक प्रकरण गेले, आणि त्यासोबत बहुधा एक वर्ष. ती मला एक शब्दही बोलली नाही. वयांची यादी आपणच दिली होती, आपणही पाहायला हवे होते, असे तिने उलट मलाच समजावले. त्या दिवशी मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. हाताने काम करताना मी एखाद्याचे वय चुकवले असते, दोघांचे चुकवले असते. तेवीस जणांचे एकाच झटक्यात चुकवायला स्क्रिप्टच लागते.

माझी गोष्ट एकट्याची नाही, हे पुढच्या वीस वर्षांनी दाखवले. जुन्या काळी प्रचलित असलेल्या एका फाइल-पद्धतीत चित्राची डावी बाजू कोणती हे निःसंदिग्ध लिहिण्याची सोय नव्हती. काही ठिकाणी वैद्यांच्या रीतीने डावे उजवीकडे मांडीत, काही ठिकाणी जसेच्या तसे. वाणी डावीकडे की उजवीकडे, ह्या ब्रोकाच्या प्रश्नाचे उत्तर एका उलट्या चिन्हाने फिरू शकत होते. २००४ च्या सुमारास निफ्टी ही नवी पद्धत आली तेव्हा ह्यावर इलाज झाला. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि ठरलेले गणित केले. हजारो बिंदूंवर एकाच वेळी कसोटी लावताना जी दुरुस्ती करावी लागते ती वगळली, तर त्या मृत माशाच्या मेंदूतही ठिपके उजळत होते. लोक हसले, पण हसून झाल्यावर अनेकांनी आपापल्या जुन्या स्क्रिप्ट उघडून पाहिल्या. २०१२ मध्ये असेही दिसून आले, की तीच चित्रे, तीच फ्रीसर्फर आज्ञावली, पण तिची आवृत्ती किंवा यंत्राची मूळ प्रणाली वेगळी असेल तर मापे वेगळी येतात.

सर्वांत मोठा धक्का २०१६ चा. एक्लुंड, निकोल्स आणि नुटसन ह्यांनी ४९९ निरोगी माणसांची, काहीही काम न देता घेतलेली चित्रे घेतली, आणि त्यांचे कृत्रिम गट पाडून सुमारे तीस लाख विश्लेषणे केली. जेथे काहीच नाही तेथे काही सापडल्याचा भास शंभरांत पाच वेळा व्हावा, असे गणित सांगत होते. काही रीतींत तो सत्तर वेळांपर्यंत होत होता. एका आज्ञावलीत पंधरा वर्षे दबून राहिलेली चूकही त्याच ओघात उघडकीस आली. गंमत अशी, की हे तीस लाख हिशेब माणसाने हाताने केले असते तर कित्येक जन्म पुरले नसते. घाण्याचा दोष घाण्यानेच दाखवला. २०२० मध्ये १०८ जणांची तीच चित्रे सत्तर गटांना देऊन नऊ प्रश्न विचारण्यात आले. सत्तरांपैकी कोणत्याही दोन गटांची रीत तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही प्रश्नांवर उत्तरेही जुळली नाहीत.

ह्यातून काही शहाणपण आले, हेही नोंदवले पाहिजे. २०१६ मध्ये बिड्स नावाचा संकेत प्रसिद्ध झाला. कोणती फाइल कोठे ठेवावी, तिला काय नाव द्यावे, हे त्यात ठरवून दिले आहे. आणि वयांचा तक्ता माणसाच्या खुणेसह लिहावा, म्हणजे जुळणी ओळीच्या क्रमावर अवलंबून राहात नाही. त्यातल्या उदाहरणांत पहिला माणूस ‘१’ नसतो, ‘०१’ असतो. ते शून्य मी प्रथम पाहिले तेव्हा क्षणभर गप्प झालो. आमच्या वरिष्ठांची तिरपी रेघच ती. त्यानंतर स्टॅनफर्डहून आलेली एफएमआरआय-प्रेप ही आज्ञावली सगळे संस्कार आपोआप करते. आणि शेवटी प्रत्येक माणसामागे चित्रांचा एक अहवाल काढून ठेवते, कोणीतरी तो डोळ्यांनी पाहावा म्हणून.

नमुना-मेंदूही आता त्या एका फ्रेंच बाईचा राहिलेला नाही. माँट्रिऑलच्या लोकांनी १९९३ मध्ये ३०५ मेंदूंची सरासरी काढली, आणि जगाने ती स्वीकारली. पण ती पाश्चात्त्य सरासरी. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेच्या साहाय्याने शंभर भारतीय मेंदूंचा नकाशा तयार केला. आकाराने तो पाश्चात्त्य नमुन्याहून लहान भरला. येथे कोणी छाती फुगवण्याचे वा मान खाली घालण्याचे कारण नाही. मेंदूच्या आकारावरून माणसाची किंमत करण्याच्या उद्योगाचे काय झाले हे इरावतीबाईंच्या बर्लिनने जगाला दाखवले आहे. अर्थ एवढाच, की पुण्याच्या रुग्णाला माँट्रिऑलच्या साच्यात बसवताना कापड कोठे ताणले गेले ते वैद्याला ठाऊक असावे.

आज घाणे फार मोठे झाले आहेत. ब्रिटनमधील बायोबँकेने २०१४ मध्ये एक लाख माणसांची चित्रे घेण्याचा संकल्प सोडला. २०२२ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने सांगितले, की मेंदूची रचना आणि माणसाचे वर्तन ह्यांचा संबंध विश्वासाने सांगायचा तर पंचवीस माणसे पुरत नाहीत, हजारो लागतात. हे खरे आहे, आणि हजारोंसाठी स्क्रिप्टवाचून गती नाही. चौदाव्या मेंदूपाशी थकलेल्या माझ्या हातांकडे परत जावे, असे मी म्हणणार नाही. पण एक लाख मेंदू कोणाच्याही डोळ्यांखालून जाणार नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून ह्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलांना मी एकच सांगत असतो. घाणा काढा, पण त्यातली एखादी चकली मोडून पाहा. पाच-दहा माणसे कोणतीही उचला, त्यांची चित्रे उघडा, त्यांची वये पाहा, ती त्यांचीच आहेत ना हे विचारा. ते आजोबा पुढे मला एकदा भेटले होते. आपल्या डोक्यातून काही उपयोगाचे निघाले का, असे त्यांनी हसत विचारले. मी हो म्हणालो. आम्ही तीन महिने त्यांना बावीस वर्षांचे समजत होतो, हे मात्र सांगितले नाही. सांगितले असते तर बहुधा त्यांना आनंदच झाला असता.